गारठ्यातली किक

गाडी चालू करायचं माझं पहिलं शिक्षण बाबांच्या जुन्या कारवर झालं. गारठा असला की चोक ओढायचा, ॲक्सिलरेटर दोनदा तळापर्यंत दाबून सोडायचा, मग चावी. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

पुढे सेकंडहँड मोटारसायकल घेतली आणि तीच सवय तिलाही लावली. चोक वर, मूठ पिळलेली, आणि किक. वीस झाल्या, पंचवीस झाल्या. कानटोपी काढली, मग स्वेटर. इंजिन गारच, मी घामाघूम. शेवटी चिडून प्लग खोलला, तर तो ठणठणीत कोरडा! एवढ्या किका मारून आत पेट्रोल पोचलंच नव्हतं.

मग कार्ब्युरेटर, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग, खोलून बसलो. थंडीत पेट्रोलची वाफ नीट होत नाही, बरंचसं थेंबाथेंबाने वाटेतल्या गार धातूलाच चिकटतं. एरवी 1 किलो पेट्रोलला 14.7 किलोच्या आसपास हवा लागते. पण सुरुवातीला वाफच कमी, म्हणून पेट्रोल जास्त द्यावं लागतं. बाबांच्या कारला त्यासाठी ॲक्सिलरेटर पंप होता. पेडल दाबलं की पेट्रोलची पिचकारी उडायची. माझ्या गाडीला तो पंपच नाही, म्हणजे आधी मूठ पिळणं नुसता हाताचा व्यायाम. चोकचं कामही तेच, गार इंजिनला जादा पेट्रोल मिळवून देणं, पण हिचा चोक हवा अडवणारी झडप नाही. एक बारका प्लंजर वर उचलला जातो आणि पेट्रोलची वेगळी वाट उघडते. त्या वाटेने पेट्रोल ओढतं ते इंजिनचं सक्शन, आणि ते जोरदार असतं मूठ बंद असतानाच. मी रेस देऊन स्वतःच चोक निकामी करत होतो.

आता पेट्रोलचा कॉक उघडून मिनिटभर थांबतो, कारण गाडी आठवडाभर उभी असली की फ्लोट चेंबरमधलं, म्हणजे कार्ब्युरेटरच्या वाटीतलं, पेट्रोल उडून गेलेलं असतं. चोक पूर्ण वर. चावी न लावता तीन सावकाश किका; ऑइल घट्ट झालेलं असतं, पहिली किक पायाला जडच लागते. मग चावी लावायची, मुठीला हात नाही, आणि एक सणसणीत.

कधी अती होतं आणि पेट्रोल ओव्हर होतं, वास येतो. तेव्हा मात्र चोक खाली, मूठ पूर्ण उघडी, आणि किका मारत राहायचं, हवेने जादाचं पेट्रोल निघून जातं. जुनी सवय अशी एका ठिकाणी कामाला आली.

परवा दुसऱ्या किकेत चालू झाली. ऐटीत गिअर टाकला, कोपऱ्यापर्यंत गेलो, तर गाडी घुसमटायला लागली, मागे काळा धूर. वळून पाहिलं तर बाबा खिडकीत उभे, दोन बोटांनी काहीतरी खाली ढकलल्याची खूण करत होते.