मॉड्यूल घालणं सोपं, काढणं अवघड

इंदूरच्या सराफ्यात दिवसा जिथं सोन्याचं दुकान, तिथंच रात्री दुकान मिटल्यावर भुट्ट्याच्या कीसाची कढई लागते, आणि सकाळी ओटा रिकामा मिळायला हवा. म्हणून मी लिनक्स कर्नलाच्या (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) सरावाच्या मॉड्यूलचं (चालू कर्नलात घालता-काढता येणारा कोडचा तुकडा) नावच ‘ओटा’ ठेवलं. काम एवढंच: /डेव्ह/ओटा नावाचं उपकरण, ६४ बाइटचा बफर (तात्पुरती साठवण) आणि दर सेकंदाला त्यात आकडा लिहिणारा टायमर.

हे रोजच्या लॅपटॉपवर करू नका. व्हर्च्युअल मशीन (संगणकातला आभासी संगणक) घ्या (२ जीबी रॅम पुरते), आधी स्नॅपशॉट काढा आणि दुसऱ्या खिडकीत ‘डीमेसग -डब्ल्यू’ (कर्नलाचे संदेश दाखवणारी कमांड) चालू ठेवा. मशीनला किमान २ कोअर द्या, एका कोअरवर लॉकिंगच्या (एकाच डेटाला दोघांनी एकदम हात लावू नये म्हणून लावायचं कुलूप) पुष्कळ चुका दिसतच नाहीत.

मेकफाइल (बिल्डच्या सूचनांची फाइल) दोन-तीन ओळींची असते, पण कमांडच्या ओळीआधी टॅबच हवा; स्पेस दिल्या तर ‘मिसिंग सेपरेटर’. हेडर्स (बिल्डला लागणाऱ्या कर्नलाच्या फाइली) चालू कर्नलाचेच लागतात. अपडेटनं नवं कर्नल आलं, हेडर्सही नवे आले, पण मशीन रीबूटच केलं नाही, असं हमखास होतं. मग इन्समॉड (मॉड्यूल घालणारी कमांड) ‘इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट’ म्हणतो आणि डीमेसगमध्ये दोन वेगळे व्हरमॅजिक (कर्नलाच्या आवृत्तीची खूण) दिसतात. ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ आलं तर सिक्युअर बूट (सही नसलेला कोड अडवणारी सोय) आड येतंय. व्हर्च्युअल मशीनमध्ये ते सरळ बंद करावं. लायसन्सची ओळ विसरू नका: आता ती नसेल तर मॉड्यूल बिल्डच होत नाही.

खरी गंमत इनिटमध्ये, म्हणजे मॉड्यूल घालताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये. क्रम असा ठेवला: आधी बफर, मग टायमर, सगळ्यात शेवटी मिस्क_रजिस्टर, म्हणजे उपकरणाची नोंदणी. रजिस्टर झाल्या क्षणी कुणीही उपकरण उघडू शकतं, तेव्हा मागचं सगळं तयार हवं. मधे काही फसलं तर गोटूनं (कोडात थेट दुसऱ्या ओळीवर उडी) उलट्या क्रमानं सोडत यायचं. गोटूला नाकं मुरडणाऱ्यांनी इथं मुरडू नयेत, कर्नलमध्ये हीच रीत आहे.

उपकरण वाचताना टायमरशी भांडण होतं, कारण दोघं एकाच बफरला हात लावतात. टायमरचं फंक्शन सॉफ्टआयआरक्यूमध्ये (चालू काम मधेच थांबवून कर्नल उरकतो ती कामं) चालतं, तिथं झोपता, म्हणजे थांबून वाट पाहता, येत नाही. म्यूटेक्स (वाट पाहताना झोपवणारा लॉक) घेताना थांबावं लागलं की ‘शेड्यूलिंग व्हाइल अ‍ॅटॉमिक’ आलंच. म्हणून स्पिनलॉक (न झोपता वाट पाहणारा लॉक), रीडच्या बाजूला त्याचा बीएच प्रकार (त्या कोअरवर सॉफ्टआयआरक्यू रोखून धरणारा), नाहीतर त्याच कोअरवर टायमर येऊन कायमचा अडकतो. पण लॉक धरून कॉपी_टू_यूजर (वाचणाऱ्या प्रोग्रामच्या मेमरीत डेटा उतरवणं) करायचं नाही, कारण पेज फॉल्ट (हवं ते मेमरीचं पान जागेवर नसणं) आला तर तेही झोपू शकतं. मी लॉकमध्ये ६४ बाइट स्टॅकवरच्या अ‍ॅरेत उतरवले, लॉक सोडला, मग सिंपल_रीड_फ्रॉम_बफरनं पुढे दिले. हे फंक्शन ऑफसेटही, म्हणजे कुठपर्यंत वाचलं तेही, सांभाळतं. ते न वापरता दरवेळी बाइटसंख्याच परत केली, तर फाइल वाचून दाखवणारी कॅट कमांड थांबतच नाही. तिला शेवटी शून्य लागतं.

आता काढणं. एक्झिटमध्ये (मॉड्यूल काढताना चालणारं फंक्शन) फक्त बफर सोडून टायमर तसाच ठेवला, तर आरएममॉड (मॉड्यूल काढणारी कमांड) निमूट यशस्वी होतो. सेकंदाभरात टायमर वाजतो, त्याचा कोड मेमरीत उरलेला नसतो, आणि पडद्यावर पेज फॉल्टचा ऊप्स, म्हणजे कर्नलाच्या चुकीचा अहवाल. म्हणजे पेटती शेगडी तशीच ठेवून ओटा सोडला! बरोबर क्रम: मिस्क_डीरजिस्टर, मग टायमर_शटडाउन_सिंक, मग केफ्री (बफरची मेमरी सोडणं). हे शटडाउन कर्नल ६.२ पासून आहे. टायमर स्वतःला पुन्हा लावत असला तरी ते त्याला लावू देत नाही.

फाइल ऑपरेशन्समध्ये (उघडणं, वाचणं, बंद करणं यांच्या फंक्शनांची यादी) ओनर म्हणून धिस_मॉड्यूल लिहिलं नाही, तर फाइल उघडी असतानाही मॉड्यूल निघून जातं, आणि कोसळणं नंतर, क्लोजच्या वेळी. लिहिलं असेल तर आरएममॉड ‘मॉड्यूल इज इन यूज’ म्हणून अडवतो. तेव्हा -एफ लावून जबरदस्ती करायची नाही. ‘फ्यूझर /डेव्ह/ओटा’नं फाइल कोण धरून बसलंय ते पाहायचं.

एकदा घालून-काढून खात्री पटत नाही. शेल लूपनं २०० वेळा इन्समॉड-आरएममॉड चालवा, दुसऱ्या कोअरवर कॅट फिरत ठेवून. केएएसएएन (मेमरीच्या चुका पकडणारी सोय) चालू असलेलं कर्नल असेल तर उत्तम. ते हळू चालतं, पण सोडून दिलेल्या मेमरीला कुणी हात लावला तर फंक्शनच्या नावासकट सांगतं.