आमची वाटचाल : यादीकडून ताटाकडे

साताऱ्यात २०११ साली घराच्या पुढच्या खोलीत इंग्रजी संभाषणाचा क्लास सुरू केला. विद्यार्थी सात. राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. आमच्याकडचे बहुतेक जण त्याआधीचे, पाचवीत ए-बी-सी-डी गिरवलेले. शब्द ठाऊक, पण तोंड उघडत नाही, ही सगळ्यांची अडचण.

पहिल्या वर्षी मी खाण्यापिण्याच्या शंभर शब्दांची यादी पाठ करून घेतली. त्यातला एक मुलगा हॉटेलच्या नोकरीसाठी मुलाखतीला गेला. "मी गिऱ्हाईक आहे असं समजा, ऑर्डर घ्या," म्हटल्यावर त्याला एक शब्द सुचेना. यादी तर तोंडपाठ होती. परत येऊन तो मान खाली घालून बसला, ते अजून डोळ्यांपुढे आहे. चूक माझी होती.

पुढच्या सोमवारी मंडईतून भाजी आणली, दोन टेबलं जोडली, जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंवर मेनूकार्डं लिहिली. एक वेटर, दोन गिऱ्हाईकं. कुठे अडतं ते तेव्हा कळलं. 'आय वॉन्ट वॉटर' चुकीचं नाही, पण कानाला हुकूम वाटतो. 'कॅन आय हॅव सम वॉटर, प्लीज' जिभेवर बसायला पाणी वीसदा मागावं लागतं. वेटर झालेली मुलगी म्हणाली, 'इट्स व्हेरी हॉट, सर.' समोरचा रश्श्यावर फुंकर घालू लागला. तिला तिखट म्हणायचं होतं! 'स्पायसी' त्या बॅचमध्ये कुणाला पुन्हा शिकवावा लागला नाही.

२०२० मध्ये वर्ग फोनवर गेले, तर प्रत्येकाचं स्वयंपाकघरच वर्ग झालं. डबे उघडा, आत काय ते सांगा.

सगळ्यात जास्त मला शिकवलं ते एका काकूंनी. लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेत निघालेल्या, पक्क्या शाकाहारी. आपलं 'ब्रिंजल' तिकडे 'एगप्लँट' (इंग्लंडात आणखी वेगळं, 'ओबर्जिन'), भेंडी 'ओक्रा', कोथिंबीर 'सिलँट्रो'. 'एगप्लँट' ऐकून काकू दचकल्या, त्यात अंडं असतं की काय! मग त्यांच्यासाठी वेगळं दुकान मांडलं. मी घाईघाईत बोलणारी दुकानदार झाले. त्यांना एकच वाक्य पक्कं हवं होतं : 'डझ इट हॅव एग इन इट?' पहिले तीन वेळा पिशवीचे बंद घट्ट धरून जमिनीकडे बघत पुटपुटल्या. चौथ्यांदा मी मुद्दाम भरभर उत्तर दिलं, तर मान वर करून म्हणाल्या, 'स्लोली, प्लीज.' हे मी शिकवलंच नव्हतं.

महिन्याभरानं त्यांचा आवाज फोनवर आला : "मॅडम, केकच्या दुकानात विचारलं. अंडं होतं. नाही घेतला."

आता बॅच तीन आहेत. सोमवारची मंडई अजून मीच करते.