कुंपण नसलेली हद्द

उत्तर इंग्लंडमधल्या स्किडॉ डोंगराच्या चढणीवर एक मेंढी चरता चरता थांबली आणि माघारी वळली. पुढे ना भिंत, ना तार. तेच गवत, तोच उतार. कोकरूही वळलं. तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही.

इथल्या हर्डविक जातीच्या मेंढीला स्वतःची हद्द ठाऊक असते. पहिल्या उन्हाळ्यात कोकरू आईमागे फिरून ती शिकतं आणि पुढे आपल्या पिल्लाला शिकवतं. मेंढी कोणाची, हे लोकरीवरचा रंग आणि कानाची खाच सांगते. कुठली, हे तिलाच माहीत. मला कोणी ‘कुठली?’ विचारलं की अजून अडखळायला होतं. आईकडचं घर तर आता... असो.

डोंगर ९३१ मीटर. लॅट्रिग टेकडीमागच्या वाहनतळावरून निघालं की जेन्किन हिलचा टप्पा सगळ्यात खडा. त्याआधी हॉवेल बापलेकांच्या स्मरणार्थ दगडी क्रूस आहे. दोघेही याच डोंगराचे मेंढपाळ, उत्तम हर्डविक पैदाशीसाठी नावाजलेले. मला आवडतो तो उघडा, हिरवा उतार अशा पिढ्यांनी आणि त्यांच्या मेंढ्यांनी घडवलाय. रोवन झाडाचं रोप कोवळं असतानाच खुडलं जातं, हेदरचं झुडूप मागे हटतं आणि मेंढ्या टाळतात ते राठ नार्डस गवत फोफावतं. ते ओलं असलं की उतरताना पाय हमखास सटकतो. पायवाट सोडू नये. माथ्यावर पाटीच्या दगडाच्या सुट्या कपच्या, आणि वारा.

आपल्याकडे दिवाळीनंतर धनगर कोकणात उतरतात तेव्हा वाट माणसाला ठाऊक असते. इथे ती मेंढीच्या डोक्यात. म्हणून २००१ची लाळ्या-खुरकताची साथ इतकी जिव्हारी लागली. इथल्या कंब्रिया परगण्यात कळपच्या कळप मारले गेले. गवत जागेवर, भिंती जागेवर, पण हद्द ओळखणारं कोणी उरलं नाही. नव्या मेंढ्या भलतीकडे पांगायच्या. तात्पुरती कुंपणं घालून, पुन्हा पुन्हा वर जाऊन त्यांना परतवावं लागलं, विणीमागून विणी.

हे आठवलं आणि जरा हलकं वाटलं. म्हणजे आईकडून मिळालं नाही तरी शिकता येतं, फक्त फार वेळ लागतो आणि परतवायला कोणीतरी लागतं. माझी इथली पहिलीच पिढी. परतवणारं कोणी नसेल, तर ते काम मलाच करायला हवं.