आमची वाटचाल: बेंजोच्या पिकअपपासून इलेक्ट्रिक गिटारपर्यंत

आमच्याकडे गिटार घ्यायला आलेल्याला आम्ही आधी मागचं झाकण उघडून दाखवतो, मग वाजवायला देतो. आत तांब्याची पट्टी कोपऱ्यांपर्यंत चिकटवलेली दिसते. पॉटच्या, म्हणजे आवाजाच्या बटणाखालच्या भागाच्या, कवचावर सोल्डर चकचकीत बसलेलं असतं आणि ब्रिजकडून, म्हणजे तारा बॉडीवर टेकतात त्या धातूच्या भागाकडून, आलेली काळी वायर कुठं जोडली आहे तेही दिसतं. ही पद्धत का पडली, ते पुढं येईलच.

मिरज हे सतारीचं आणि तंबोऱ्याचं गाव. शिकलगार कारागिरांनी एकोणिसाव्या शतकात इथं वाद्यं घडवायला घेतली आणि २०२४ मध्ये इथल्या सतारीला नि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आमची सुरुवात मात्र सतारीतून झाली नाही, ती बेंजोतून झाली. गणपतीच्या मिरवणुकीत, लग्नाच्या वरातीत वाजणाऱ्या बेंजोला पिकअप लागतं, म्हणजे तारांचा आवाज विजेच्या रूपात अँप्लिफायरकडे नेणारं, चुंबकावर गुंडाळलेलं बारीक तारेचं वेटोळं. तेव्हा बाजारात मिळणारी पिकअप दोन हंगामांत बंद पडायची. दुरुस्तीला आलेलं जवळजवळ प्रत्येक पिकअप एकाच ठिकाणी तुटलेलं असायचं, सुरुवातीच्या टोकाशी. केसासारखी बारीक तार सरळ जाड वायरला जोडून वर नुसता टेप मारलेला. ओढ बसली की संपलं. आम्ही ते टोक आधी पितळी आयलेटला जोडलं, बाहेरची वायर वेगळी आयलेटवर घेतली आणि ओढ तारेवर येणारच नाही अशी व्यवस्था केली. धंदा इथून उभा राहिला.

हे जमलं ते आमच्या भागीदारामुळे. त्यांचं मोटारी भरायचं दुकान होतं. पंखे, मिक्सर, शेतीपंप, सगळं. हातानं फिरवायचं वाइंडिंग मशीन आणि त्यावरचा फेऱ्यांचा काउंटर त्यांचाच. पुस्तकांत पिकअपची तार अमेरिकन मापानं ४२ गेज लिहिलेली असते, म्हणजे ०.०६३ मिमी. आपल्याकडे तार एसडब्ल्यूजी या ब्रिटिश मापानं मिळते, तिथं ४२ मागितली तर दीडपटीहून जाड तार हातात येते. मागायची ती ४६, म्हणजे ०.०६१ मिमी. पहिल्यांदा पिकअप भरणारे नव्वद टक्के लोक इथंच अडकतात आणि मग बॉबिनमध्ये, म्हणजे तारेच्या रिळात, फेरे का मावत नाहीत म्हणून विचारतात.

सिंगल कॉइलला, म्हणजे एकाच वेटोळ्याच्या पिकअपला, आम्ही साधारण ८,००० फेरे देतो. ६ ते ६.६ किलोओहम रोध येतो. अल्निको ५ या चुंबकाच्या कांड्या ४.८ मिमी जाडीच्या. त्या फायबर शीटमध्ये ठोकून बसवल्यावर तार गुंडाळण्याआधी त्यांवर लाखेचा हात द्यायचा. वाळल्यावरच पहिला फेरा. उघड्या चुंबकाला तारेचं इनॅमल घासलं तर आज चालेल, सहा महिन्यांनी आतल्या आत शॉर्ट होईल आणि दोष सापडणार नाही. तारेला ताण हवा, पण बोटाच्या चिमटीतून फेल्टवरून सरकेल इतकाच. सैल गुंडाळलेलं पिकअप मोठ्या आवाजात शिट्टी मारतं, घट्ट गुंडाळलेलं तुटतं. शिट्टी थांबवायला मेणात बुडवावं लागतं. चार भाग पॅराफिन, एक भाग मधमाशीचं मेण, तापमान ६५ अंशांच्या आसपास आणि बुडबुडे येणं थांबेपर्यंत वाट. भांडं थेट गॅसवर ठेवायचं नाही. गरम पाण्यात ठेवायचं, नाहीतर प्लॅस्टिकचं बॉबिन वाकडं होतं आणि मेण पेट घेऊ शकतं.

एक गोष्ट ग्राहकांना वारंवार सांगावी लागते. तांब्याचा रोध उष्णतेनं वाढतो. वीस अंशांत मोजलेलं पिकअप मे महिन्याच्या दुपारी चाळीस अंशांत आठ टक्के जास्त दाखवतं. मीटरच्या आकड्यावरून फेरे कमी की जास्त यावर भांडण्यात अर्थ नाही.

गिटारीकडे वळल्यावर लाकडाचा प्रश्न मिरजेनंच सोडवला. सतारीसाठी इथं तूनचं लाकूड येतं. तून हे महोगनीच्याच कुळातलं, हलकं आणि राऊटरखाली सरळ कापलं जाणारं. ४५ मिमी जाडीची बॉडी तूनमध्ये सव्वादोन किलोच्या आसपास बसते, सागात अर्धा किलो जास्त. नेकला, म्हणजे गिटारीच्या मानेला, आम्ही सागच वापरतो, उभ्या रेषांचा. फ्रेटबोर्ड, म्हणजे फ्रेटच्या आडव्या धातूच्या पट्ट्या बसतात ती फळी, शिसवीचा. दोन्ही लाकडं तेलकट असल्यामुळं गोंद लावण्याच्या लगेच आधी थिनरनं पुसून घ्यावी लागतात. आदल्या दिवशी पुसलेलं उपयोगाचं नाही, तेल पुन्हा वर येतं. पावसाळ्यात आम्ही फ्रेटबोर्ड चिकटवत नाही. जुलैत फुगलेलं लाकूड मार्चमध्ये आकसतं आणि फ्रेटची टोकं बोटांना टोचायला लागतात.

फ्रेटचं गणित सोपं आहे. नट (हेडजवळची, तारांच्या खाचा असलेली पट्टी) ते ब्रिज ६४८ मिमी धरलं तर त्याला १७.८१७ नं भागायचं. पहिला फ्रेट ३६.४ मिमीवर. उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच आकड्यानं भागायचं. बारावा बरोबर ३२४ वर आला पाहिजे. मापं मात्र प्रत्येक वेळी नटपासून घ्यायची. मागच्या फ्रेटपासून पुढचा मोजत गेलं की अर्धा अर्धा मिलिमीटर साचत जातो आणि वरच्या पट्टीत गिटार कधीच सुरात येत नाही. नेकची जाडी पहिल्या फ्रेटपाशी २१ मिमी: त्यात ६ फ्रेटबोर्ड, साडेनऊ ट्रसरॉडची, म्हणजे नेक सरळ ठेवणाऱ्या आतल्या दांड्याची, खाच, खाली साडेपाच लाकूड. आणखी बारीक नेक हवी म्हणून मागून रंधा मारायला सांगणाऱ्यांना आम्ही स्पष्ट नाही म्हणतो. सर्वांत बारीक तार ०.००९ इंचाची असलेल्या तारांच्या संचालासुद्धा सहा तारांचा मिळून ३८ किलोच्या आसपास ताण असतो.

सतारमेकर कारागिरांकडून शिकलेली एक गोष्ट इथंच सांगतो. सतारीच्या घोडीचा माथा मुद्दाम रुंद ठेवून जवारी काढतात. गिटारीच्या नटची खाच सपाट राहिली की नेमकी तशीच झणझण मोकळ्या तारेत येते. लोक फ्रेट घासत बसतात. दोष फ्रेटमध्ये नसतो. खाच हेडकडे उतरती कानसली आणि तार फ्रेटबोर्डाच्या बाजूच्या कडेवरूनच सुटू दिली की झणझण जाते.

यानंतरची बरीच वर्षं चांगली गेली.

मग एका मोठ्या शहरातल्या वितरकाचं प्रकरण झालं. आमच्या निम्म्याहून जास्त गिटारी त्याच्यामार्फत जात होत्या. पुढं त्यानं सांगितलं की ब्रिज न बसवता माल पाठवा, ग्राहकांना काळे ब्रिज हवेत, ते आम्ही लावू. आम्ही ब्रिजच्या जागेवर अर्थची वायर बाहेर काढून, टोक सोलून पाठवत होतो, कारण तारा अर्थ व्हायच्या तर त्या ब्रिजमधूनच होतात. त्यानं लावलेले ब्रिज पावडर कोटिंगचे होते, वरून खालून. वायर रंगाला टेकलेली, धातूला नाही. त्यामुळं तारा अर्थच झाल्या नाहीत. अशा गिटारीत तारांना हात लावला तरी हमिंग, म्हणजे स्पीकरमधली घूं घूं, कमी होत नाही, पण जॅकच्या धातूला बोट लावलं की थांबतं. एवढी एक खूण पुरेशी असते. मीटर लावून बघितली असती तर कुणालाही कळली असती.

त्यानं मीटर लावला नाही. मिरजेच्या गिटारी हमिंग मारतात असं त्यानं दुकानादुकानांत सांगितलं, माल परत पाठवला, थकलेली रक्कम अडवली आणि त्याच दुकानांत स्वतःच्या नावाचं लेबल लावलेल्या आयात गिटारी ठेवल्या. त्यांतली एक आमच्याकडे दुरुस्तीला आली होती. प्लायवूडची बॉडी, कांड्यांच्या जागी लोखंडी खिळे नि खाली एक सिरॅमिक पट्टी, आणि तूनच्या गिटारीपेक्षा जास्त किंमत.

आम्ही परत आलेल्या गिटारी घेऊन दुकानांत गेलो. तार ते जॅकची बाहेरची कडी मोजली, मीटरवर जोडणीच नाही. ब्रिज काढून वायरीच्या जागेपुरता रंग कानशीनं खरवडला, पुन्हा बसवला: अर्ध्या ओहमच्या आत. दुकानदारांनी समोर पाहिलं, मान्य केलं. पण गिऱ्हाइकाच्या कानापर्यंत पहिली बातमी पोचते, दुसरी पोचत नाही. आजही कोणीतरी विचारतं, तुमच्या गिटारी हमिंग मारायच्या ना? ती रक्कम आम्हाला कधीच मिळाली नाही. लाकडाचं देणं, तारेचं देणं, कारागिरांचे पगार एकत्र अंगावर आले. त्या काळात भागीदारांनी दिवसा शेतीपंपाच्या मोटारी भरून कारागिरांचे पगार काढले आणि संध्याकाळी आमच्यासाठी पिकअप भरली. वाट्याचा विषय त्यांनी एकदाही काढला नाही. कारखाना टिकला तो त्यांच्यामुळे, हे इथं लिहून ठेवायलाच हवं. झाकण उघडून दाखवायची पद्धत तेव्हापासूनची.

२०१७ च्या जानेवारीपासून शिसवीवर आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले आणि परदेशी विक्रीला परवान्याची कागदपत्रं लागू लागली. नोव्हेंबर २०१९ मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली तोवर बाहेरचे ग्राहक मेपलच्या फ्रेटबोर्डकडे वळले होते. लगेच २०२० आलं. मिरवणुका बंद, वराती बंद, ऑर्केस्ट्रा बंद. त्या वर्षी कोकणातल्या एका बेंजो पार्टीच्या मास्तरांनी सगळ्या संचाची पिकअप आगाऊ पैसे देऊन नव्यानं भरायला सांगितली. वाजवायला कुठंच जायचं नव्हतं. त्यांच्या स्वतःच्या बेंजोत मात्र आमचं अगदी सुरुवातीच्या काळातलं पिकअप अजून आहे आणि ते बदलू नका असं आम्हीच त्यांना सांगितलं आहे.

मास्तरांसारख्या टेम्पोवर वाजवणाऱ्यांसाठी एक सूचना. जनरेटरला अर्थिंग नसेल तर गिटारीच्या तारा आणि माइक यांच्यात व्होल्टेज येऊ शकतं. एक हात तारांवर आणि ओठ माइकला, हा प्रकार जीवघेणा आहे. सुरू करण्याआधी तार आणि माइकची जाळी यांत एसी व्होल्टेज मोजा. काही व्होल्टसुद्धा दिसलं तर जोडणी तपासल्याशिवाय वाजवू नका. तारांची अर्थ वायर कापून टाकणं हा उपाय नव्हे.

घरी गिटार बनवणारी बरीच मुलं सुटे भाग न्यायला येतात. त्यांच्यासाठी वायरिंग थोडक्यात. हंबकर, म्हणजे दोन वेटोळ्यांचं पिकअप, असेल तर ५०० के (किलोओहम) पॉट, सिंगल कॉइलला २५० के. ते नाही मिळालं तर ४७० आणि २२० चालतात. व्हॉल्यूमला ए अक्षराचं पॉट घ्या. बी घेतलं तर आवाजाचा सगळा चढउतार शून्याकडच्या टोकाला गोळा होतो. व्हॉल्यूम पॉटच्या एका टोकाच्या पायाला स्विचकडून आलेली वायर, मधल्या पायाला जॅकचं टोक, तिसरा पाय वाकवून कवचाला. आवाज उलट्या दिशेनं वाढला तर टोकाचे दोन पाय बदला. टोनचा कंडेन्सर हंबकरला २२३ लिहिलेला, सिंगल कॉइलला ४७३. पॉटचं कवच आधी पॉलिश पेपरनं खरवडा आणि तिथं ४० वॅटचं सोल्डरगन वापरा. २५ वॅटचं धरून बसलात तर सोल्डर धरायच्या आधी आतला कार्बनचा ट्रॅक जळतो.

सगळं जोडून झालं की अँप्लिफायरला लावण्याआधी गिटारीची केबल लावून दुसऱ्या टोकाला मीटर धरा. व्हॉल्यूम पूर्ण उघडा. ८ किलोओहमच्या हंबकरला ७.९ च्या जवळ आकडा आला पाहिजे, कारण ५०० के पॉट त्याला समांतर असतं. शून्य आलं तर कुठंतरी शॉर्ट आहे, बहुतेक वेळा जॅकचं पान तांब्याच्या पट्टीला लागलेलं असतं. ५०० किलोओहमच्या आसपास आलं तर पिकअपची वायर सुटलेली आहे. दोन पिकअप एकत्र लावल्यावर आवाज पातळ, नाकातून आल्यासारखा झाला तर दोघांची दिशा उलटी आहे. एकाच्याच दोन वायरी आपसांत बदला. त्या पिकअपला धातूचं कव्हर असेल तर कव्हरची अर्थ वायर आधी वेगळी करून घ्या, नाहीतर कव्हरच सिग्नलला जोडलं जातं.

पिकअपची उंची शेवटच्या फ्रेटवर तार दाबून ठरवा. बारीक तारेखाली २ मिमी, जाड तारेखाली अडीच. सिंगल कॉइलमध्ये त्यापेक्षा जवळ नेलं तर चुंबक तारेला ओढतो आणि बेसूर झालेला स्वर कितीही चाव्या पिळून जुळत नाही.

सध्या नवीन गिटारीच्या ऑर्डर दिवाळीनंतर घेतो, कारण त्याआधीचे महिने बेंजोवाल्यांचे असतात. पिकअप भरणं आणि फ्रेट लेव्हल करणं वर्षभर चालू आहे. गिटार दुरुस्तीला आणताना जुन्या तारा काढू नका. ताण असतानाच नेकची वाक दिसते, आणि ती पाहिल्याशिवाय आम्ही कानस हातात घेत नाही.