टाकीवरचा पोचा

माझं माहेर पवन मावळातलं, सासर चिंचवडचं. ज्या धरणाच्या उशाला वाढले, त्याचंच पाणी आता माझ्या नळाला येतं.

शहरात ९ ऑगस्ट म्हणजे क्रांती दिन. आमच्या घरात २०११ पासून तो बऊरचा दिवस आहे. पवना धरणाचं पाणी पिंपरी-चिंचवडला बंद जलवाहिनीनं न्यायचं घाटत होतं. आज ते नदीतून रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येतं, म्हणून काठावरच्या उपसा मोटारी चालतात. पाइपात गेल्यावर नदीत काय उरणार, एवढं साधं विचारणं होतं. त्यात धरणात जमिनी गेलेल्यांचं पुनर्वसन रखडलेलं. माणसं मावळातल्या बऊर गावाजवळ पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर उतरली. पोलिसांनी गोळीबार केला. तीन शेतकरी गेले, त्यात एक बाई.

माझा धाकटा भाऊ तिथं होता. रात्री चालत घरी आला. मोटारसायकल मिळाली ती नंतर, दिवा फुटलेला, आरसे तुटलेले आणि टाकीवर लाठीचा खोल पोचा. दिवा, आरसे बदलले. टाकीला मात्र त्यानं मेकॅनिकला हात लावू दिला नाही. पेट्रोल भरताना अजून त्याचा अंगठा नेमका त्या खळग्यात टेकतो. दसऱ्याला आई गाडीला हळदकुंकू लावते, ते आधी तिथं. का, हे तिनं कधी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

तो स्वतः एकदाच बोलला. "ताई, पळताना मागं बघितलंच नाय. कोण पडलं ते टीव्हीवर कळलं."

गोळीबारानंतर जलवाहिनीच्या कामाला स्थगिती मिळाली होती. २०२३ मध्ये ती उठली, तेव्हा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर अभिनंदनाचा पाऊस पडला. २०१९ च्या अखेरपासून दिवसाआड पाणी. लोकांना आनंद होणारच. पिंपं मीही भरते. पण मी लिहिलं, "या पाइपापायी तीन माणसं मेली आहेत." बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग वरच्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, "कधी गं?" बऊर इथून तासाभराच्या अंतरावर आहे. मला रडू आलं ते त्या 'कधी'नं.

पाणी शहरालाही लागतं, हे मला कळतं. पण आधी धरणग्रस्तांना जमीन द्या, आणि गेलेल्यांची आठवण एकट्या मावळावर टाकू नका.

दिवाळीत माझ्या लेकीनं मामाला विचारलं, "हा पोचा कशानं पडला?" तो म्हणाला, "आईला विचार." मी तिला सांगितलं, उपसा मोटारीपासून सगळं. तो शेजारीच बसून होता. दोन ठिकाणी त्यानं मला दुरुस्त केलं.