डॅशबोर्डमागची टकटक

सोमवार, रात्री

आज आई गाडीत माझ्या शेजारच्या सीटवर होती. निघून थोडा वेळ झाला आणि ती रुमालाने वारा घ्यायला लागली. "अगं, तुझ्याकडे गार येतंय आणि माझ्याकडे गरम. असं कसं?" मी तिच्या बाजूच्या जाळीसमोर हात धरला. हवा कमी गार नव्हती, चक्क गरम होती. दोन्ही बाजूंना तापमान २२ वर लावलेलं. तिच्या बाजूचं १८ केलं, मग अगदी तळाला नेलं. फरक शून्य. बटण दाबलं की ग्लोव्ह बॉक्सच्या मागून टक-टक-टक असा बारीक आवाज यायचा आणि काही सेकंदांनी थांबायचा. हाच आवाज हल्ली गाडी सुरू करतानाही येतो.

काचा उघडून घरी आलो. आईला उकाडा सोसत नाही, उतरली तेव्हा चेहरा लालबुंद झाला होता. हे काम लांबवायचं नाही.

मंगळवार

ज्याला सांगावं तो म्हणतो, एसीचा गॅस कमी झाला असेल, भरून घे. हा अंदाज अगदीच निराधार नाही. गॅस कमी असला तर कूलिंग कॉइल, म्हणजे हवा गार करणारी एसीची जाळी, सगळीकडे सारखी गार होत नाही. काही गाड्यांत त्यामुळे एका बाजूला चांगली गार आणि दुसऱ्या बाजूला कोमट हवा येते. पण कोमट म्हणजे फार तर बाहेरच्या हवेइतकी. गॅस पूर्ण संपला तरी आत येणारी हवा त्यामुळे तापत नाही. आईच्या अंगावर येत होती ती हवा बाहेरच्यापेक्षा गरम होती. ही उष्णता दुसरीकडून येत असणार आणि गाडीत हवा तापवणारी जागा एकच, हीटर.

शिवाय गॅस हा काही पेट्रोलसारखा वापरला जाऊन संपत नाही. ती बंद यंत्रणा आहे. कमी झाला तर कुठेतरी गळती असते आणि ती न शोधता वरून भरत राहणं मला पटत नाही. बऱ्याच गाड्यांत असलेला आर-१३४ए हा गॅस शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४०० पट उष्णता धरून ठेवतो. गरज नसताना तो काढणं-भरणं आणि त्यात थोडासुद्धा हवेत सोडणं मला खरोखर खुपतं.

बुधवार, सकाळी लवकर

इंजिन रात्रभर गार झालं होतं, म्हणून परीक्षा घ्यायला हीच वेळ निवडली. एसी बंद, बाहेरची हवा आत घेणारं बटण चालू, दोन्ही बाजूंना तापमान सगळ्यात कमी, पंखा मध्यम. स्वयंपाकघरातला थर्मामीटर आळीपाळीने दोन्ही जाळ्यांत खोचत बसले.

सुरुवातीला दोन्हीकडे सारखंच, २४. इंजिन तापत गेलं तसा आईच्या बाजूचा आकडा चढायला लागला. ३०, ३८, ४५. माझ्या बाजूला मात्र २५ च्या पुढे काटा सरकला नाही. इंजिन गार ठेवायला त्यात फिरणारं पाणी, म्हणजे कूलंट, तापून साधारण ९० अंशांपर्यंत जातं आणि तेच हीटरच्या छोट्या रेडिएटरमधून फिरतं. म्हणजे जे दार बंद असायला हवं त्यातूनच त्या बाजूची हवा हीटरवरून वाहत येते आहे. एसीचा यात संबंधच नाही, तो तर बंद होता.

एवढं कळल्यावर फार हलकं वाटलं. दुरुस्ती अजून व्हायची होती, पण आता नेमकं कशाच्या मागे लागायचं ते माहीत होतं.

गुरुवार

दिवसभर कामात गेला. रात्री त्या पेटीची आकृती काढून बघितली.

डॅशबोर्डच्या आत प्लास्टिकची एक मोठी पेटी असते. पंखा हवा ढकलतो. ती आधी कूलिंग कॉइलवरून जाते. कॉइलवर बर्फ साचू नये म्हणून तिचं तापमान शून्याच्या थोडंसं वरच राखलेलं असतं. तिथे हवा गार होते आणि तिच्यातली ओल पाणी होऊन गाडीखाली टपकते. पुढे एक झडप असते. ती ठरवते, की या गार हवेतली किती सरळ जाऊ द्यायची आणि किती हीटरवरून वळवायची. आपण २२ लावतो तेव्हा ही झडप अधेमधे कुठेतरी उभी राहते. दोन बाजूंना वेगळं तापमान देणाऱ्या गाडीत अशा दोन झडपा.

पावसात काच धुरकटते तेव्हाही हीच झडप कामाला येते. कॉइलने कोरडी केलेली हवा हीटरवर पुन्हा तापवून काचेवर सोडली की वाफ झटकन जाते. एसी आणि हीटर एकाच वेळी चालतात, ते याचसाठी. म्हणून झडप गार बाजूला दाबून कायमची अडकवून ठेवावी, हा सल्ला मला धोक्याचा वाटतो. उकाड्याचे दिवस निघतील, पण थंडीत समोरची काच साफ व्हायला वेळ लागेल.

ही झडप फिरवते एक अ‍ॅक्च्युएटर, म्हणजे मुठीत मावेल एवढी डबी. तिच्यात छोटी मोटर, प्लास्टिकचे तीन-चार गिअर आणि बहुतेक गाड्यांत झडप कुठे आहे हे कळवणारी एक पट्टी. मोटर जोरात फिरते, गिअर तो वेग उतरवून ताकद वाढवतात. अनेक गाड्या सुरू होताना झडप दोन्ही टोकांना नेऊन आपटतात आणि टोकं कुठे आहेत ते शिकून घेतात. टोकाला पोचल्यावर मोटर क्षणभर ढकलत राहते आणि सगळा ताण गिअरच्या ठरावीक दात्यांवर येतो. वर्षानुवर्षं तेच दाते. एक तुटला की गिअर तिथे घसरतो, पुन्हा पकडतो, पुन्हा घसरतो. ती टकटक.

जुन्या गाड्यांत तापमानाच्या खटक्यापासून झडपेपर्यंत साधी केबल असायची. अडकली तर हाताला कळायचं. १९६४ मध्ये कॅडिलॅकने 'कम्फर्ट कंट्रोल' आणलं. तापमान ठरवा, बाकी गाडी बघून घेईल. सोय मोठी होती आणि मला ती आजही आवडते. पण हाताला कळणं गेलं, ते गेलंच.

शनिवार

सुटा भाग मिळाला. नवा आणि जुना यांचे क्रमांक अक्षर न् अक्षर जुळवून घेतले, कारण दिसायला सारख्या डब्या उलट्या दिशेने फिरणाऱ्या असू शकतात.

आधी बॅटरीची ऋण तार काढली आणि बराच वेळ थांबले. त्या बाजूला एअरबॅग आहे, तिथे घाई नको. मग ग्लोव्ह बॉक्स खाली उतरवला. आई दारात स्टूल टाकून टॉर्च धरून बसली होती. मी पाय ठेवायच्या जागेत आडवी, मान वाकडी, हात मनगटापर्यंत अंधारात. डबी तीन स्क्रूंवर होती. दोन सहज निघाले. तिसरा हवेच्या नळाच्या मागे, पेचकस सरळ जाईना. लहान पान्याने त्याला पाव-पाव फेरा देत काढण्यात दुपार गेली. आई मधूनमधून म्हणत होती, "पाणी पी आधी." इतका वारंवार बिघडणारा भाग असा गाडून का ठेवतात, याचं समाधानकारक उत्तर माझ्याकडे नाही. पेटी आधी बसते, डॅशबोर्ड नंतर, म्हणून कारखान्यात जोडताना कोणाला त्रास होत नसेल. त्रास पुढे होतो, भाग बदलणाऱ्याला आणि त्याचे तास मोजून पैसे देणाऱ्याला.

नवी डबी बसवण्याआधी झडपेचा दांडा बोटांनी फिरवून पाहिला. ही पायरी कोणीही गाळू नये. झडपच आत घासत असेल, वाकली असेल, तर नवे गिअरही तसेच झिजणार. दांडा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मऊ फिरला. टोकाला फोमचा हलका, भरीव ठप्प आवाज. जीव भांड्यात पडला.

डबी बसवली, तार जोडली, इग्निशन चालू केलं आणि एकाही बटणाला हात लावला नाही. काही गाड्यांना स्कॅनर लावून टोकं शिकवावी लागतात, ही आपली आपण शिकते. आतून बारीक घुईं... आवाज आला, थांबला, उलट दिशेने आला, थांबला. टकटक नाही. आई म्हणाली, "झालं?" मी म्हटलं, "झालं बहुतेक. गरम होऊ दे, मग बघू."

रविवार

इंजिन पूर्ण तापवून, एसी लावून मोजलं. माझ्याकडे ८, आईकडे ९. हीटर पूर्ण केल्यावर दोन्हीकडे पन्नाशीच्या वर. मधलं २२ लावल्यावरही दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या.

जुनी डबी उघडली. सगळ्यात मोठ्या गिअरचे लागून असलेले दोन दाते बुडापासून गेलेले, बाकीचे नव्यासारखे. मोटर ठणठणीत. पांढरं ग्रीस अजून ओलं. एवढ्याशा प्लास्टिकसाठी अख्खी डबी बदलावी लागली, कारण एकटा गिअर सुटा मिळत नाही. तो मिळायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

माझ्या बाजूची डबी तितकीच जुनी आहे. तिचा आवाज अजून स्वच्छ येतो, म्हणून आत्ताच बदलणार नाही. पण त्या बाजूला खाली पेडल आहेत आणि जागा याहून अडचणीची. स्टिअरिंगखालचं कव्हर कुठून सुटतं ते आज पाहून ठेवलं आणि भागाचा क्रमांक गाडीच्या वहीत लिहिला.