स्पायडर-मॅनही थकतो

बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यातलं काम हल्ली अंगावर येतंय. शिफ्ट सुटली तरी लेथचा आवाज डोक्यातून जात नाही, रविवारीही झोप पुरत नाही.

आज टिळकवाडीत दादाकडे जेवायला गेलो, तर पोरांनी 2004 चा ‘स्पायडर-मॅन 2’ लावलेला. पीटर, म्हणजे मुखवट्यामागचा स्पायडर-मॅन, पिझ्झा पोचवतोय, भाडं थकलंय, कॉलेजात मागे पडलाय. इतकी ओढाताण, की मनगटातून जाळंच निघेना! हे अगदी खरं वाटलं मला.

मग ट्रेन थांबवून तो कोसळतो आणि डब्यातली साधी माणसं त्याला हातांवर उचलून आत घेतात. मुखवटा नाही, केवढा कोवळा चेहरा! डोळे भरून आले. वहिनींनी पाहिलं, काही बोलल्या नाहीत.

उद्या सुपरवायझरना सरळ सांगणार, चार दिवस रजा पाहिजे.